सोलापुरातून पुण्याची आलिशान क्रॉसओव्हर घेताना: ६४ लाख २५ हजारांच्या कोटेशनमध्ये घासाघीस नेमकी कुठे करावी?

प्रश्न: दंतवैद्य, विजापूर रोड

नमस्कार. मी गेली पंधरा वर्षे सोलापुरात विजापूर रोडला दातांचा दवाखाना चालवते आणि यजमानांचा भागीदारीत सुताचा व्यापार आहे. आमची २०१७ सालची डिझेल सेडान तक्रार करण्यासारखी नाही. पण सासऱ्यांना गुडघ्यांमुळे खाली वाकून बसणे जड जाते. म्हणून जरा उंच बसणीची गाडी पाहू लागलो आणि बघता बघता एका युरोपीय कंपनीच्या पेट्रोल क्रॉसओव्हरपर्यंत येऊन पोहोचलो. मागच्या शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन गाडी चालवून पाहिली आणि कोटेशन घेऊन आलो.

त्या कागदावर एक्स-शोरूम किंमत ५२ लाख रुपये आहे. त्याखाली रोड टॅक्स ६ लाख ७६ हजार, टीसीएस (विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा आयकर) ५२ हजार, विमा २ लाख १५ हजार, वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज मिळून १ लाख ६० हजार, ॲक्सेसरीज ८५ हजार, हँडलिंग चार्जेस २५ हजार आणि नोंदणी, नंबर प्लेट, फास्टॅग यांचे १२ हजार धरून बेरीज ६४ लाख २५ हजार होते. सेल्समनने खाली पेनने ‘विशेष सवलत ७५,०००’ असे लिहिले आणि हसून सांगितले, की मॅडम, या दर्जाच्या गाड्यांत घासाघीस होत नसते.

चाटी गल्लीत साडीचा भाव मी निम्म्यावर आणलेला आहे. पण तिथे दुकानदार गादीवर बसलेला असतो आणि आपण चपला घालू लागलो की तो हाक मारतो. काचेच्या दालनात समोर कॉफी ठेवून कोणी इतक्या अदबीने बोलू लागले, की ‘जास्त सांगताय’ हे शब्दच तोंडातून निघत नाहीत. तेव्हा जाणकारांनी सांगावे, की घासाघीस खरोखरच होत नाही का आणि होत असेल तर कोणत्या रकमेवर. गाडी फर्मच्या नावावर घेतल्यास कर वाचेल असे यजमानांचे भागीदार म्हणतात. ते बरोबर आहे का? जुन्या गाडीचे तिथे ४ लाख १० हजार देतो म्हणाले, तर इथले एक ओळखीचे गृहस्थ ४ लाख ९० हजारांना घ्यायला तयार आहेत. मात्र तिथे दिल्यास ‘एक्स्चेंज बोनस’ मिळतो असे सांगितले. सासऱ्यांची अट एकच आहे, की गाडी दसऱ्याला दारात हवी, आणि ती त्यांनी सेल्समनलाही सांगून टाकली आहे.

उत्तर: पूर्वाश्रमीचा विक्रेता, पुणे (मूळ बार्शी)

डॉक्टर, मी सात वर्षे पुण्यात अशाच एका दालनात नोकरी केली आहे आणि ‘घासाघीस होत नसते’ हे वाक्य मी स्वतः दिवसातून दहा वेळा म्हणत असे. ते एका कंपनीच्या बाबतीत बरेचसे खरे आहे. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात गाड्या थेट ग्राहकाला विकायला सुरुवात केली. गाड्यांचा साठा कंपनीचा, बिल कंपनीचे, किंमत देशभर एकच आणि दालनाला विक्रीमागे कमिशन, अशी ती पद्धत आहे. त्यामुळे समोरच्या माणसाच्या हातात किंमत नसते. बाकी बहुतेक ठिकाणी डीलर गाडी कंपनीकडून आधी विकत घेतो, तीही बहुधा कर्जाने, आणि यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचे व्याज त्याच्या अंगावर रोज चढत असते. आपल्याला जी सूट मिळते ती या व्याजामुळे मिळते. कॉफी पाजणाऱ्याच्या मर्जीशी तिचा फारसा संबंध नसतो.

म्हणून पहिला प्रश्न सवलतीचा विचारू नये. ‘मला देणार असलेली गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली आहे आणि तिचा चासी नंबर काय?’ हा प्रश्न विचारावा. यार्डात सहा-आठ महिने पडून असलेली गाडी आणि पुढच्या महिन्यात कारखान्यातून येणारी गाडी यांची एक्स-शोरूम किंमत कागदावर एकच असते, पण डीलरची निकड वेगवेगळी असते. उत्पादनाचा महिना आणि वर्ष आरसीवर कायमचे छापले जातात आणि विकताना गिऱ्हाईक तेच पाहते; त्यामुळे मागच्या वर्षीची गाडी घ्यायची असेल तर तिची सूट चांगली घसघशीत हवी. आपण गाडी आठ-दहा वर्षे वापरणार असाल तर जुन्या साठ्यातली गाडी मुळीच वाईट नाही. फक्त टायरवरचा चार आकडी शिक्का पाहावा. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात.

आता कोटेशनकडे वळू. लग्नाचा बस्ता बांधताना दुकानदार नवरीच्या शालूवर हजार रुपये हसत सोडतो आणि मानपानाच्या चाळीस साड्यांवर ते वसूल करतो, हे आपण पाहिलेच असेल. इथे ७५ हजारांची सवलत हा शालू आहे. खालच्या ओळी मानपानाच्या साड्या आहेत. हँडलिंग चार्जेस ही रक्कम सरळ काट मारून टाकावी, कारण गाडी ग्राहकाच्या हाती सुस्थितीत देणे हा डीलरच्या धंद्याचाच भाग आहे. ती ना सरकारला जाते ना कंपनीला. मी असताना या ओळीवर जो ग्राहक बोट ठेवी त्याची ती आम्ही दुसरे वाक्य न बोलता काढून टाकत असू आणि जो ठेवीत नसे तो भरत असे. ॲक्सेसरीजच्या ८५ हजारांत मॅट, मडफ्लॅप, सिरॅमिक कोटिंग आणि ‘किट’ नावाची एखादी पेटी असते. यादी मागावी आणि नको ते काढावे. सिरॅमिक कोटिंग सोलापुरातही होते, आणि तेही पुष्कळ कमी पैशांत. वाढीव वॉरंटी मात्र मी टाळायला सांगणार नाही. अशा गाडीचा एखादा इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला तर त्याचे बिल पाहून माणूस खाली बसतो. ती घ्यावी, पण ‘ही आमच्याकडून भेट द्या’ असे म्हणून घ्यावी.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की सवलत किती हे बोलूच नये. शेवटचा आकडा किती हे बोलावे. ‘विमा आणि ॲक्सेसरीज सोडून, नोंदणीसह, गाडीची चावी माझ्या हातात येईपर्यंत एकूण किती?’ असा प्रश्न दोन वेगळ्या डीलरांना ईमेलने विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. एकाच शहरातली दोन दालने पुष्कळदा एकाच मालकाची असतात, म्हणून दुसरे कोटेशन मुंबईचे असावे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकरणाकडे गाडी नोंदवता येते; तेव्हा गाडी मुंबईची घेतली तरी एमएच-१३ चेच, म्हणजे सोलापूरचेच, पासिंग करता येईल. मासिक हप्त्याची भाषा सुरू झाली तर ती तिथेच थांबवावी, कारण मुदत वर्षाने वाढवली की हप्ता कमी दिसतो आणि किंमत नजरेआड होते.

जुनी गाडी सोलापुरातच विकावी. तिथे दिल्यास ८० हजार कमी मिळतात, म्हणजे एक्स्चेंज बोनस ८० हजारांहून जास्त असेल तरच तो बोनस. एरवी ते आपलेच पैसे आपल्याला परत मिळतात.

राहिला दसरा. आपल्या सासऱ्यांनी दालनात आपले पान उघडे करून ठेवले आहे, पण ते सावरता येते. पितृपक्षात दालने ओस पडतात. त्या पंधरवड्यात लोक गाडी पाहायलाही येत नाहीत. पितृपक्ष सप्टेंबरअखेरीला आला असेल तर तिमाहीचे लक्ष्य पुरे करण्याची डीलरची धावपळही त्याच दिवसांत चाललेली असते. व्यवहार त्या दिवसांत पक्का करावा आणि गाडी दसऱ्याला आणावी. बुकिंगच्या पावतीला मुहूर्त लागत नाही, असे माझे मत आहे, पण ते सासऱ्यांना माझ्या नावाने सांगू नये. आणि सेल्समन ‘मॅनेजरशी बोलून येतो’ म्हणून आत गेला तर अस्वस्थ होऊ नये. आम्ही आत जाऊन चहा घेत असू. आकडा बाहेर येण्याआधीच ठरलेला असे.

उत्तर: करसल्लागार, नवी पेठ

फर्मच्या नावावर गाडी घेण्याचा विचार करण्याआधी रोड टॅक्स पाहावा. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के कर आहे आणि आपल्या कोटेशनमधले ६ लाख ७६ हजार त्याच दराने आले आहेत. कंपनी किंवा फर्मच्या नावावर हाच कर दुप्पट दराने, पण कमाल २० टक्के, असा लागतो. म्हणजे १० लाख ४० हजार होतात आणि पहिल्याच दिवशी ३ लाख ६४ हजार जास्त जातात. भागीदारांना बहुधा असे वाटत असावे, की जीएसटीची वजावट मिळेल. परंतु तेरा माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर, काही ठरावीक धंदे वगळता, ती मिळतच नाही. उरतो तो घसारा, वर्षाला १५ टक्के, आणि कर्जाचे व्याज. डॉक्टरबाई, या दोन्ही गोष्टी आपण गाडी स्वतःच्या नावावर घेऊन, दवाखान्याच्या कामासाठी ती जितकी वापराल तितक्या प्रमाणात, आपल्याच विवरणपत्रात मागू शकता. मग फर्म मध्ये आणायचे कारण राहत नाही.

सवलत बिलावरच दिसली पाहिजे, हा माझा आग्रह आहे. बिलावर नोंदलेली सूट जीएसटीच्या करपात्र किमतीतून वजा होते आणि टीसीएसही कमी झालेल्या रकमेवर लागतो. नंतर ‘ॲक्सेसरीजमध्ये ॲडजस्ट करू’ असे म्हटले तर हे होत नाही. टीसीएस हा खर्च नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का घेतला जातो आणि तो आपल्या पॅनवर जमा होऊन आयकरातून वळता होतो. त्यामुळे दोन कोटेशनांची तुलना करताना तो बाजूला ठेवावा. पैसे डीलरच्या खात्यावर आरटीजीएसनेच भरावेत. सुताच्या बाजारातली सवय म्हणून कोणी ‘थोडे रोख देऊ’ म्हणेल. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने बंदी आहे आणि तेवढाच दंड घेणाऱ्याला होतो, तेव्हा चांगला डीलर ते घेणारच नाही.

उत्तर: विमा प्रतिनिधी, जुळे सोलापूर

विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. त्याच आयडीव्हीचे (म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचे), झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्शन आणि रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेल्यास बिलाइतकी भरपाई) या तिन्ही जोडण्यांसह बाहेरून दोन कोटेशने घ्या आणि ती डीलरपुढे ठेवा. पुष्कळदा तोच आपला आकडा खाली आणतो. जुन्या गाडीवर पाच वर्षे क्लेम नसेल तर आपला नो क्लेम बोनस ५० टक्के असेल. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घ्या आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर लावा. तीन वर्षांपर्यंत ते चालते. पुण्याच्या कागदावर तो धरलेला दिसत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांची आभारी आहे. जुन्या गाडीवर एकही क्लेम नाही आणि हे मला कोणी विचारलेही नव्हते. एक शंका राहिली. शेजारचे म्हणतात, की जीएसटी दहा टक्क्यांनी कमी झाला आहे, तेव्हा ५२ लाखांवर ५ लाख २० हजारांची सूट हक्काने मागा. हे बरोबर आहे का?

उत्तर: करसल्लागार, नवी पेठ

नाही. एसयूव्ही गटातल्या गाड्यांवर पूर्वी जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्के लागत, ते २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के झाले. शंभर रुपयांची गाडी तेव्हा दीडशेला पडे, आता एकशे चाळीसला पडते. म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने घट ६.६७ टक्के आहे, दहा नव्हे. शिवाय ती घट नव्या एक्स-शोरूम किमतीत आधीच आलेली असते. आपल्या हातातले कोटेशन नव्या दरपत्रकाचे आहे ना, एवढे पाहावे. तीच सूट दुसऱ्यांदा मागितली तर समोरच्याला आपली तयारी कळते.

उत्तर: टॉवेलवाला, अक्कलकोट रोड एमआयडीसी

वरच्या मंडळींनी किंमत सांगितली. मी अंतर सांगतो, कारण अशी गाडी मी चार वर्षे वापरतो आहे आणि माझेही सर्व्हिस सेंटर अडीचशे किलोमीटरवर पुण्यातच आहे. पुणेकर ग्राहकाला जे फुकट मिळते ते आपल्याला मिळत नाही, आणि म्हणूनच ते मागून घ्यावे लागते.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात रात्री परत येताना वरवडे टोलनाका ओलांडल्यावर माझ्या मागच्या टायरची कड एका लोखंडी पट्टीने कापली गेली. गाडीला रन-फ्लॅट टायर होते, म्हणजे हवा गेली तरी सुमारे ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, गाडी चालवता येते. म्हणून डिकीत स्टेपनी दिलेलीच नव्हती. मी धोक्याचे दिवे लावून, डाव्या लेनने, ट्रकांचे हॉर्न ऐकत घरी पोहोचलो. त्या मापाचा टायर सोलापुरात कोणाकडेही नव्हता. तो पुण्याहून यायला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस पाऊण कोटीच्या आसपासची ती गाडी दारात तिरकी उभी होती. मुलगा शाळेच्या रिक्षाने गेला.

तेव्हा डॉक्टर, सवलतीचे शेवटचे पन्नास हजार निघत नसतील तर त्याऐवजी तीन गोष्टी मागाव्यात आणि त्या ऑर्डर फॉर्मवर लिहून घ्याव्यात: कंपनीची स्पेस सेव्हर (तात्पुरत्या वापराची, कमी जागा घेणारी) स्टेपनी जॅकसह, पहिल्या तीन वर्षांच्या सर्व्हिससाठी सोलापुरातून गाडी नेणे-आणणे विनामूल्य, आणि वाटेत बिघडल्यास फ्लॅटबेडवरून (गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवरून) पुण्यापर्यंत नेण्यास अंतराची मर्यादा नसणे. रोडसाइड असिस्टन्सच्या बारीक अक्षरांत पुष्कळदा किलोमीटरची मर्यादा असते; ती पुणेकराला टोचत नाही, आपल्याला टोचते. डीलरला या गोष्टी रोख सवलतीपेक्षा स्वस्त पडतात, म्हणून तो त्या लवकर देतो.

कर्ज घेणार असाल तर सोलापुरातल्या आपल्या बँकेचा दर लेखी घेऊन जावा, कारण दालनातून जाणाऱ्या कर्जावर दालनाला कमिशन असते. मी ४० लाख पाच वर्षांसाठी घेतले होते. नऊ टक्क्यांनी हप्ता ८३,०३३ होता आणि साडेआठ टक्क्यांनी ८२,०६६ झाला. महिन्याला हजाराहून कमी फरक म्हणून मी आधी दुर्लक्ष करणार होतो, पण साठ हप्त्यांचे ते ५८ हजार होतात. मुदतीआधी फेडल्यास आकार किती लागतो तेही तेव्हाच विचारावे.

आणि नोंदणीच्या आधी यार्डात जाऊन गाडी उजेडात पाहावी. माझ्या गाडीच्या उजव्या दाराला नव्या रंगाची छटा किंचित वेगळी होती. ती दालनातल्या पिवळ्या दिव्यांखाली दिसली नव्हती, यार्डात उन्हात दिसली. मी दुसऱ्या चासी नंबरची गाडी मागितली आणि ती मिळाली. पासिंग झाल्यावर ती मिळाली नसती. विजापूर जवळ आहे म्हणून कर्नाटकातून घ्यावी असे कोणी सुचवले तर ऐकू नये. तिथे २० लाखांवर १८ टक्के कर आहे, आणि गाडी सोलापुरात राहणार असेल तर पुन्हा इथे नोंदणीचा फेरा आहेच.

प्रश्नकर्ती (पाच आठवड्यांनी)

व्यवहार झाला, म्हणून कळवते. मुंबईच्या डीलरने ईमेलला दुसऱ्याच दिवशी उत्तर दिले. पुण्याच्या गृहस्थांनी चार दिवस फोन केला नाही आणि पाचव्या दिवशी स्वतः केला. पितृपक्षात सासऱ्यांना न सांगता एकटीच हुतात्माने गेले. पिशवीत शेंगाचटणीचे पाकीट नेले होते. ते सेल्समनला दिले आणि मग कोटेशनमधली हँडलिंगची ओळ दाखवली. ती त्याने लगेच खोडली. नंतर तो ‘मॅनेजरशी बोलून येतो’ म्हणून आत गेला तेव्हा मला हसू आवरेना.

बिलावर २ लाख ७५ हजारांची सूट मिळाली. यार्डातली गाडी पाच महिन्यांपूर्वीची निघाली, पण वर्ष चालूच आहे. ॲक्सेसरीज सगळ्या काढल्या, वाढीव वॉरंटी व सर्व्हिस पॅकेज १ लाखात बसले आणि विमा बोनस लावून सोलापुरातून १ लाख ४८ हजारांत झाला. ६४ लाख २५ हजारांचा कागद ५९ लाखांच्या थोडा वर येऊन थांबला. जुनी गाडी इथल्याच गृहस्थांना ४ लाख ९० हजारांना दिली. गाडी माझ्या नावावर आहे. भागीदारांना ३ लाख ६४ हजारांचा आकडा कागदावर लिहून दाखवल्यावर त्यांनी विषय बदलला.

सर्व्हिससाठी नेणे-आणणे दोन वर्षांचे मिळाले, तीन वर्षांचे नाही. स्टेपनी ऑर्डर फॉर्मवर लिहून घेतली आहे. ती ‘कंपनीकडून मागवली आहे’ असे गेले दहा दिवस सांगत आहेत. दसऱ्याला गाडी दारात आली, सासऱ्यांनी आपट्याची पाने बॉनेटवर ठेवली आणि वाकावे न लागता पुढच्या सीटवर बसले. स्टेपनीसाठी मी दर सोमवारी फोन करते.